आपण कोणाच्या ताटात जेवलो?

मुलगी इंग्लंडात क्रॉलीला राहते. गेल्या खेपेला तिच्याकडे गेलो असताना आम्ही ॲरंडेलचा किल्ला बघायला गाडीनं निघालो. होर्शम सोडलं आणि डब्यात घोषणा झाली, पुढचं स्टेशन ख्राइस्ट्स हॉस्पिटल. मी म्हटलं, "एवढं मोठं हॉस्पिटल आहे का गं, की त्याच्या नावानं स्टेशन काढलंय?" ती हसली. "बाबा, शाळा आहे ती. बोर्डिंग."

प्लॅटफॉर्मवर एक मुलगा आणि एक मुलगी उभी होती. दोघांच्या अंगात पायघोळ गडद निळा कोट, कमरेला चामडी पट्टा, गळ्याशी दोन पांढऱ्या पट्ट्या, आणि मुलाच्या पायात गुडघ्यापर्यंत पिवळेधमक मोजे. मला आधी वाटलं, नाटकवाले आहेत, प्रयोगाला निघालेत. पण मुलगा कानात यंत्र घालून गाणं ऐकत होता आणि मुलगी केळं खात होती. हा त्यांचा रोजचा वेष. कापड बदललं असेल, शिवण बदलली असेल, पण घडण पावणेपाचशे वर्षं तीच.

हॉस्पिटल या शब्दाचा जुना अर्थ आसरा. आपल्या धर्मशाळेत कोणी धर्म शिकायला जात नाही, तसंच ते. आणि बोर्डिंग हा शब्द ऐकून मला जे वाटलं ते सांगण्यासाठीच हा लेख लिहितोय, कारण मी स्वतः बोर्डिंगातला.

आमच्याकडे, म्हणजे सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात, बोर्डिंग म्हणजे गरिबाच्या पोरानं राहायची जागा. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. शाहू महाराजांनी १९०१ पासून तिथं एकेका समाजासाठी बोर्डिंगं उभी केली. साताऱ्यात भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. त्याच्या आधीची पिढी वार लावून जेवायची, सोमवारी एकाकडे, मंगळवारी दुसऱ्याकडे. आता मात्र बोर्डिंग म्हटलं की नव्या पालकांच्या डोळ्यांपुढे घोड्यावर बसलेली मुलं असलेलं गुळगुळीत माहितीपत्रक येतं आणि शेवटच्या पानावर फीचा आकडा. इंग्लिश बोर्डिंग स्कूल म्हणजे तर श्रीमंतीची कमालच. ख्राइस्ट्स हॉस्पिटल मात्र आमच्या जातकुळीतलं निघालं. ते गरिबाच्या पोरांसाठी निघालं आणि आजही तिथली फी पालकाच्या मिळकतीवर ठरते. कोणाला पूर्ण माफी, कोणाला निम्मी, कोणी पूर्ण भरतो. म्हणून त्याची गोष्ट सांगतो आणि मग तुमच्याकडे काही मागतो.

साल १५५२. लंडनच्या रस्त्यांवर उघडीनागडी पोरं. मठ बंद झालेले, त्यामुळे भिकाऱ्याला मिळणारा घास बंद झालेला. बिशप निकोलस रिडली यांनी सहाव्या एडवर्ड राजापुढे गरिबांबद्दल प्रवचन केलं. राजा तेव्हा चौदा वर्षांचा. लंडनचे मेयर रिचर्ड डॉब्स यांनी शहरातल्या व्यापाऱ्यांना एकत्र केलं, आजाऱ्यांसाठी एक संस्था, उडाणटप्पूंसाठी एक आणि पोरांसाठी एक असं काम वाटलं गेलं. पोरांच्या वाट्याला न्यूगेट स्ट्रीटवरचा ग्रेफ्रायर्स नावाचा रिकामा पडलेला मठ आला. नोव्हेंबरमध्ये दार उघडलं तेव्हा ३८० मुलं आत आली. त्यांत मुलीही होत्या, आणि अंगावरची तान्ही पोरंसुद्धा. तान्ह्यांना खेड्यांतल्या दायांकडे पाठवलं. राजानं १५५३ च्या जूनमध्ये सनदेवर सही केली आणि ६ जुलैला तो वारला.

नाव राजाचं लागलं, पण रोजचं जेवण शहरानं घातलं. वर्गण्या निघाल्या. ब्लॅकवेल हॉल या कापडबाजाराचं उत्पन्न शाळेला लावून दिलं. लोकांनी मृत्युपत्रांत जमिनी लिहून ठेवल्या. त्या पहिल्या नाताळात पोरं तपकिरी कपड्यांत ओळीनं उभी राहिली आणि पुढच्या ईस्टरला निळ्या. निळा रंग त्या काळी स्वस्त, नोकराचाकरांचा आणि कामावर उमेदवारी करणाऱ्या पोरांचा. मोजे पिवळे का, तर त्या रंगामुळे उंदीर पायाला चावत नाहीत, अशी एक दंतकथा सांगतात. ती खरी धरू नका, पण सांगायला बरी आहे.

पुढं प्लेग आला, १६६६ च्या आगीत बऱ्याच इमारती जळाल्या, पुन्हा बांधल्या. १६७३ साली दुसऱ्या चार्ल्सनं शाळेत गणिताची वेगळी शाखा काढली, दर्यावर्दी तयार करायला. रोजनिशी लिहिणारा सॅम्युएल पेपीस तिच्यामागे होता आणि तिथं काय शिकवावं यावर न्यूटननं मत कळवलं होतं. त्या शाखेच्या स्थापनेचं ऐंशी फुटांहून लांब चित्र आज शाळेच्या भोजनगृहात आहे. पोरं रोज त्या चित्रासमोर बटाटे खातात. जेवायला जाताना शाळेचा बँड वाजतो आणि सगळी शाळा पावलं टाकत आत जाते. कोणी याला थाट म्हणेल. मला आमची जेवणाची घंटा आठवली. रेल्वेच्या रुळाचा तुकडा होता तो, लिंबाच्या झाडाला टांगलेला.

चार्ल्स लॅम याचं नाव मराठीत लघुनिबंधाच्या चर्चेत नेहमी येतं. तो या शाळेचा. १७८२ साली लॅम आणि कवी कोलरिज दोघंही इथं दाखल झाले. लॅमचा बाप एका वकिलाचा नोकर, कोलरिजचा बाप वारलेला. लॅमनं पुढं शाळेवर दोनदा लिहिलं. दुसऱ्यांदा, १८२० साली, त्यानं गंमत केली. तो कोलरिजच्या तोंडून बोलला आणि स्वतःवरच तक्रार केली, की या लॅमची चैन होती, त्याचं घर जवळ होतं, त्याला घरून खाऊ यायचा. त्याची आत्या खाऊ घेऊन यायची आणि ओवरीच्या एका कोपऱ्यात दगडावर बसून तो उघडून द्यायची. पोराला भूक, आत्याबद्दल माया, तिनं ते आणलं त्या तऱ्हेची लाज आणि सगळ्यांना पुरणार नाही म्हणून बाकीच्या पोरांबद्दल हळहळ, हे सगळं एका घासात. वसतिगृहात राहिलेल्या माणसाला हे समजवावं लागत नाही. माझी आई एसटीनं भाकरी-ठेचा घेऊन यायची तेव्हा मी तिला फाटकाबाहेरच गाठायचो. का, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

त्याच निबंधात लॅमनं आणखी एक किस्सा लिहिलाय. त्याच्यासाठी म्हणून तरी तो निबंध शोधून वाचा. शाळेत उकडलेल्या मांसाची चरबी पोरं खात नसत, ते अगदी कमीपणाचं समजत. एक पोरगा मात्र जेवण झाल्यावर ताटांतली ती उष्टी चरबी हळूच गोळा करून घेऊन जायचा. पोरांनी त्याला वाळीत टाकलं. कोणी बोलेना, कोणी खेळायला घेईना. कोणाला वाटलं रात्री चोरून खातो, कोणाला वाटलं विकतो. मग सुट्टीच्या दिवशी दोघं त्याच्या मागावर गेले. तो एका पडक्या इमारतीत शिरला, जिथं अगदी कफल्लक लोक राहायचे. चौथ्या जिन्यावर दार वाजवलं, एका म्हातारीनं उघडलं. चोरी सिद्ध झाली असं पोरांना वाटलं. पण शाळेचा कारभारी शहाणा होता. त्यानं शिक्षा करण्याआधी चौकशी केली. तर ते त्या पोराचेच आईबाप निघाले, भिकेला लागलेले. पोरगा स्वतःच्या नावावर बट्टा घेऊन आईबापांना जगवत होता. शाळेच्या विश्वस्तांनी त्या घराला मदत केली आणि पोराला चांदीचं पदक दिलं.

या किस्स्यात मला पदकापेक्षा चौकशी मोठी वाटते. पोरानं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तो भिकाऱ्याचा पोर ठरला असता. बोर्डिंगातल्या पोराला भूक सोसते. आपण कोणाच्या उपकारावर आहोत हे चारचौघांत दिसणं त्याला सोसत नाही.

इथं त्या निळ्या कोटाकडे परत येतो. तो कोट शाळा देते, फुकट, सगळ्यांना. पूर्ण फी भरणाऱ्याच्या पोरालाही तोच आणि एक पैसाही न भरणाऱ्याच्या पोरालाही तोच. मुलींना खाली स्कर्ट, कोट तोच. मध्यंतरी शाळेनं पोरांनाच विचारलं होतं, की हा वेष ठेवायचा का बदलायचा. आपल्याला वाटेल पोरं म्हणतील जीन्स द्या. बहुतेक सगळ्यांनी ठेवा म्हणून सांगितलं. त्या कोटात कोण कोणाच्या पैशावर शिकतंय हे वर्गातल्या शेजाऱ्यालासुद्धा कळत नाही. गरिबीचा म्हणून शिवलेला कोट आज मिरवायचा झाला, तो याच कारणानं.

आता आपल्याकडं काय चालतं ते बघा. दहावीच्या गुणवंतांना वह्या द्यायच्या तर मागे आठ बाय दहाचा फलक, त्यावर दात्याचा फोटो पोरांपेक्षा मोठा. पोर वही घ्यायला हात पुढं करतं, पण वही सुटत नाही, कारण फोटोवाल्यानं "एक मिनिट, इकडं बघा" म्हटलेलं असतं. वही दोघांच्या हातात अडकलेली, पोराची मान खाली, देणाऱ्याची मान कॅमेऱ्याकडं. संध्याकाळी तो फोटो गावाच्या ग्रुपवर. त्या पोराच्या वर्गातले सगळे त्या ग्रुपवर असतात. पन्नास रुपयांच्या वहीत आपण त्याची वर्षभराची चर्चा विकत घेतो. मी हे स्वतः केलंय. बँकेत असताना शाखेच्या वतीनं वह्या वाटल्या होत्या आणि मीच फोटोवाल्याला फोन केला होता. त्या फोटोतली एक मुलगी काही वर्षांनी खातं उघडायला शाखेत आली. मी ओळख दिली, म्हटलं आम्ही तुला वह्या दिल्या होत्या. ती "हो सर" म्हणाली आणि फॉर्म घेऊन शेजारच्या काउंटरला गेली.

तर माझं पहिलं मागणं हे. द्यायचं ते द्या, फोटो काढू नका. एवढं केलंत तरी निम्मं काम झालं.

मुलींबाबत त्या शाळेचं फार कौतुक करता येत नाही, तेही सांगून टाकतो. पहिल्या दिवसापासून मुली होत्या खऱ्या, पण मुलांच्या मानानं कमी, आणि त्यांना शिकवणं म्हणजे मुख्यतः वाचन आणि शिवणटिपण. १७७८ साली त्यांना हर्टफर्डला हलवलं. मुलगे १९०२ साली लंडन सोडून होर्शमला आले. शेतजमीन, मैदानं, बाराशे एकरांचा परिसर. मुली हर्टफर्डलाच राहिल्या. दोघं पुन्हा एका आवारात आले ते १९८५ साली. म्हणजे २०७ वर्षं एकाच शाळेची दोन घरं, आणि लहान घर कोणाचं ते सांगायला नको. जगातल्या जुन्या संस्थांचा हा नेमच आहे. आपल्याकडंही तालुक्याच्या गावी मुलांचं वसतिगृह पन्नास वर्षांचं असतं आणि मुलींचं "प्रस्तावित" असतं. दहावीनंतर मुलीला घरी बसवण्याचं कारण बाप सांगतो तेव्हा तो हुंड्याचं नाव काढत नाही, "राहायची सोय नाही हो" असं म्हणतो. आणि ते खोटं नसतं. देणगी द्यायची एकच जागा निवडायची असेल तर मुलींचं वसतिगृह निवडा.

होर्शमच्या वसतिगृहांना माजी विद्यार्थ्यांची नावं आहेत. लॅम, कोलरिज यांच्यासोबत मिडलटन आणि मेन अशीही आहेत. टॉमस मिडलटन हे कलकत्त्याचे पहिले बिशप, शाळेत कोलरिजच्या वेळचे. हेन्री मेन १८६० च्या दशकात हिंदुस्थान सरकारचे कायदा सदस्य होते. खुद्द लॅमनं ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशेबखात्यात तेहेतीस वर्षं कारकुनी केली. लंडनच्या व्यापाऱ्यांकडं जो पैसा आला त्यात आपल्याकडचाही वाटा होता, हे मी विसरत नाही. त्याचा राग धरायचा तर धरा. पण मिळालेल्या पैशातून चार पैसे पोरांसाठी बाजूला काढायची अक्कल शिकायला हरकत नाही.

आता मुख्य गोष्ट. या शाळेतून बाहेर पडताना प्रत्येक मुलामुलीला एक बायबल देतात आणि सगळ्यांसमोर एक निरोपाचा आदेश वाचून दाखवतात. त्याचा मतलब असा, की इथं तुला जे मिळालं ते विसरू नकोस, आणि पुढं तुझी ऐपत होईल तसं दुसऱ्या कोणाला हेच मिळावं म्हणून जमेल ते कर. एवढंच. अमुक टक्के दे असं त्यात म्हटलेलं नाही. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला हे ऐकवतात, खिशात दमडी नसताना. म्हणून ते डोक्यात राहतं.

बार्न्स वॉलिस हा असाच एक पोरगा. डॉक्टरचा मुलगा, पण घरात ओढाताण. १९०० साली शाळेत आला, दोन वर्षं लंडनच्या जुन्या वास्तूत काढली आणि शाळेबरोबर होर्शमला गेला. पुढं मोठा विमान अभियंता झाला. दुसऱ्या महायुद्धात पाण्यावर टप्पे घेत धरणाच्या भिंतीवर जाऊन आदळणारा बॉम्ब त्यानं तयार केला. १९४३ च्या मे महिन्यात एकोणीस विमानं ते बॉम्ब घेऊन जर्मनीतली धरणं फोडायला गेली. १३३ जण गेले होते, त्यांतले ५३ मारले गेले. धरणं फुटली म्हणून देशभर जल्लोष चालू होता आणि हा माणूस त्या ५३ पोरांसाठी खचला. १९५१ साली सरकारनं त्याला शोधांबद्दल दहा हजार पौंड बक्षीस दिलं. त्या काळी ती फार मोठी रक्कम. त्यानं ती सगळी आपल्या शाळेला दिली, हवाईदलात मेलेल्या आणि जायबंदी झालेल्या माणसांची मुलं तिथं शिकावीत म्हणून. पुढं त्यानं शाळेचं खजिनदारपदही सांभाळलं.

वॉलिसची गोष्ट सांगितली की लोक म्हणतात, तो केवढा मोठा माणूस, आपलं काय! म्हणून आमच्या बोर्डिंगची वही सांगतो.

आमच्या बोर्डिंगचा अमृतमहोत्सव झाला तेव्हा जुनं कपाट उघडलं. लाल कापडी पुठ्ठ्याची एक देणगीवही निघाली, कडा वाळवीनं खाल्लेल्या, बोरूच्या वळणाचं अक्षर. नोंदी अशा: ज्वारी दोन पायल्या. सरपण एक गाडी. घोंगड्या दोन, पैकी एक जुनी. गूळ अर्धी ढेप. एकानं "दिवाळीचे चार दिवस राहिलेल्या मुलांस जेवण" असं लिहिलंय. म्हणजे त्या माणसाच्या ध्यानात आलं होतं, की ज्याला घर नाही किंवा घरी जायला भाडं नाही असं पोर दिवाळीतही बोर्डिंगातच असतं. आणि एका पानावर: "एका मुलाचे वर्षाचे जेवण. नाव छापू नये." ते मी तीनदा वाचलं. साल बघितलं, मी तेव्हा आठवीत होतो. कोणाचं जेवण ते, मला कधी कळणार नाही. माझंही असेल.

त्या समारंभाला आम्ही दोनशेच्या वर माजी विद्यार्थी आलो होतो. इंजिनियर, मास्तर, फौजदार, दोन डॉक्टर, परदेशात राहणारे सातआठ. भाषणं झाली, बासुंदी झाली, गळ्यात पडून रडणं झालं. आणि वरच्या मजल्याचं छत गळत होतं, त्याखाली पातेलं ठेवलेलं होतं. आम्ही पातेल्याला वळसा घालून फोटो काढले. माझं गाऱ्हाणं आमच्या सगळ्यांवर आहे, पहिलं माझ्यावर.

म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही वसतिगृहात राहिला असाल, ईबीसीचा, म्हणजे फीमाफीचा, फॉर्म भरून शिकला असाल, मामाच्या घरी राहून शिकला असाल, एखाद्या मास्तरांनी परीक्षेची फी भरली असेल, तर तुम्ही कोणाच्या तरी ताटात जेवलात. त्या माणसाला आता परत देता येणार नाही, बहुधा तो नसेलच. पुढच्या पोराला द्या.

कसं द्यायचं, तेही थोडं. बँकेत जन्म गेला म्हणून सांगतो. आधी जाऊन विचारा, एका मुलाचा वर्षाचा जेवणाचा खर्च किती येतो. आकडा ऐकून तुम्ही चकित व्हाल, लग्नाच्या आहेरातून तेवढं जातं. एकट्याला जड असेल तर बॅचचे दहाजण मिळून एक मूल घ्या. बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप सुविचारांसाठीच असतो असं नाही. दिलेला पैसा लगेच खर्चायचा की कायम ठेवीत टाकायचा, हे पावतीवर लिहून घ्या. ख्राइस्ट्स हॉस्पिटल इतकी शतकं टिकलं त्यात जमिनी आणि ठेवींच्या उत्पन्नाचा मोठा वाटा आहे. मुद्दल राहावं, उत्पन्नावर पोरं जेवावीत. आपण मात्र कमान बांधायला पैसा देतो, कारण कमानीवर नाव येतं. कमानीखाली कोणी जेवत नाही.

हिशेब मागायला लाजू नका. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर तिचे हिशेब तपासलेले असायला हवेत आणि ते धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला जातात. तपासलेला ताळेबंद दाखवा म्हटल्यावर जे रागावतात त्यांना देऊ नका. जे खुर्ची सरकवून फाईल काढतात त्यांना द्या. चांगल्या संस्थेला असा प्रश्न विचारणारा माणूस हवाच असतो.

आणि एक कडू गोष्ट. त्या होर्शमच्या शाळेतल्या काही माजी शिक्षकांना अलीकडच्या वर्षांत न्यायालयानं तुरुंगात धाडलं, पूर्वी मुलामुलींवर केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल. एवढी जुनी, नावाजलेली, देवाधर्माची शाळा. मुलं तेव्हा बोलली नाहीत, किंवा बोलली तेव्हा कोणी ऐकलं नाही. घरापासून लांब असलेलं मूल आणि त्याच्यावर सगळी सत्ता असलेला मोठा माणूस, जिथं हे दोघं एका छताखाली आहेत तिथं हा धोका आहे. इंग्लंडात आहे, तालुक्याच्या गावीही आहे. म्हणून नुसती रक्कम पाठवून मोकळे होऊ नका. वर्षातून दोनदा न सांगता जा. मुलींच्या वसतिगृहात रात्री अधीक्षिका खरंच मुक्कामाला असते का, ते बघा. संडासाच्या दाराला आतून कडी आहे का बघा. स्वयंपाक्याशी बोला, त्याला सगळं ठाऊक असतं. पोरं एखाद्या माणसाचं नाव निघाल्यावर गप्प होत असतील तर ती शांतता ऐकून घ्या. काही कळलंच तर संस्थेची अब्रू, गावाची अब्रू असं काही मधे आणू नका. २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली असा गुन्हा माहीत असून न कळवणं हाही गुन्हा आहे. पोलिसांत जा, नाहीतर १०९८ वर फोन करा.

पैसे नसतील तर? आमच्या वहीत जुनं घोंगडं घेतलेलं आहे, त्यामुळे या सबबीला माझ्याकडे जागा नाही. निवृत्त मास्तर असाल तर आठवड्यातून एक संध्याकाळ गणित शिकवा. सुतार असाल तर खाटांचे पाय ठोकून द्या. घरी भाऊबीज असेल तर दिवाळीत मागे राहिलेल्या एका मुलाला घरी जेवायला न्या आणि आपल्या पोरांच्या पंगतीत बसवा, वेगळं ताट वाढू नका. लंडनचा लॉर्ड मेयर त्या निळ्या कोटातल्या पोरांच्या हातावर सेंट मॅथ्यूच्या सणाला नवी करकरीत नाणी ठेवतो, आणि त्यासाठी पोरं बँड वाजवत शहरातून चालत येतात. नाण्यांची किंमत काही फार नसते. शहराच्या पहिल्या नागरिकानं आपल्याला बोलावलं, हे पोराच्या लक्षात राहतं.

आमच्या बोर्डिंगचं छत आता नीट केलंय. समारंभानंतर तिघांनी पाठपुरावा केला, बाकीच्यांनी हळूहळू दिलं, सगळं मिळून एका पावसाळ्याचा उशीर झाला. यंदा आम्ही नऊजण मिळून दोन मुलींचं जेवण घेतलंय. त्या कोण, हे आम्हाला ठाऊक नाही आणि आम्ही विचारलेलं नाही.

प्रवेश जूनमध्ये होतात. तुमच्या बोर्डिंगला मे महिन्यातच जाऊन या, म्हणजे किती मुलं जागा नाही म्हणून परत जाणार आहेत ते तुम्हाला तिथंच कळेल. आणि पैसे दिलेत की पावतीवर कारकुनाला एवढं लिहायला सांगा: नाव छापू नये.